तिरंदाजांचं राज्य आणि मागचा नाला

३ नोव्हेंबर, सोमवार
दुकानात. गिऱ्हाईक नाही.

आजपासून रोजनिशी. मोठे सेनापती लिहून ठेवतात, म्हणून मीही. मराठीत लिहितो. अस्मा उर्दू शाळेत शिकली, तिला मराठी अक्षर लावत बसायचा कंटाळा येतो. बायकोपासून लपवण्यासारखं काही नाही. पण युद्धाचे बेत घरात फुटू नयेत.

संकल्प. सकाळी लवकर उठणे. घरामागच्या नाल्यातली बेशरमची झाडी तोडणे (अस्मा पोळ्यापासून मागे लागली आहे). आणि डिसेंबरच्या आत मोबाइलवरच्या लढाईच्या गेममध्ये गोल्ड लेव्हल.

गेममध्ये मी तिरंदाजांचं राज्य घेतलं आहे. बाकी सगळे घोडेवाले नाहीतर हत्तीवाले घेतात. त्यांना अक्कल नाही. तिरंदाज कमी खर्चात तयार होतात, पटापट होतात आणि लांबून मारतात. शत्रू आपल्यापर्यंत पोचतच नाही, मग हाणामारीचा प्रश्न येतो कुठे? हे राज्य माझ्या स्वभावाला शोभतं. प्रत्येक राज्याच्या माहितीत शेवटी ‘कमजोरी’ असं एक पान असतं. ते अजून उघडलं नाही. आधी जिंकायला शिकावं, मग हरायचं बघू.

झाडी उद्या.

५ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी उशिरा उठलो, पण विचारपूर्वक.

ग्रामपंचायतीत मीटिंग झाली. रानडुकरांनी तुरीची पार नासाडी केली आहे. नागोरावकाका पंचायतीचे मेंबर, ते म्हणाले की रोज जागल करून माणसं थकली, डुकरं थकली नाहीत. लोक नुसते बोंबलत होते. प्लॅन कोणाकडेच नव्हता. मी उभा राहिलो. मोबाइल रिपेअरिंगवाला काय सांगणार, असं दोघातिघांच्या तोंडावर दिसलं. पण मी फळ्यावर गावाचा नकाशाच काढला.

गावाच्या तीन बाजूंना शेतं, चौथ्या बाजूला नाला. तिन्ही बाजूंना मचाणं. प्रत्येक मचाणावर गोफणवाला, त्याच्या बाजूला दिवाळीतले उरलेले सुतळी बॉम्ब. डुकरू दिसलं की लांबूनच मारा. सगळ्यांनी एकाच वेळी. चौथी बाजू मोकळी ठेवायची, कारण शत्रूला पळायला वाट नसेल तर तो अंगावर येतो. हे पुस्तकातलं नाही, अनुभवातलं आहे. (गेममधला.)

टाळ्या पडल्या नाहीत, पण मंजूर झालं.

घरी येऊन अम्मीला सांगितलं. अम्मी डुकराचं नाव तोंडाने घेत नाही. तिने तांदूळ निवडता निवडता एवढंच विचारलं, “और वो जाएँगे किधर?”

म्हाताऱ्या माणसांना स्ट्रॅटेजी समजावणं कठीण. चौथ्या बाजूला आमचं घर आहे, हे तिच्या डोक्यातून जात नाही. घर आहे म्हणूनच तर ती बाजू सुरक्षित.

८ नोव्हेंबर, शनिवार

विजय! एकही डुकरू शेतात नाही. तुरीचं एक झाड मोडलं नाही. नागोरावकाका सकाळी दुकानात आले, माझ्या हाताला धरून चहाला घेऊन गेले. आजवर मला ‘ए मोबाइलवाला’ म्हणायचे, आज ‘शहजादभाऊ’. मी साधेपणाने वागलो.

डुकरं सगळी नाल्यातल्या बेशरममध्ये जमली आहेत. म्हणजे आमच्या मागच्या दाराबाहेर. रात्रभर घुरघुर चालू असते म्हणे. मला ऐकू आली नाही, मी हेडफोन लावून होतो. अम्मीने मागचं दार लावून त्याला पाटा टेकवला आहे. तिला म्हटलं, शत्रू एका जागी गोळा होणं ही चांगलीच गोष्ट असते. तिने बकऱ्या पुढच्या अंगणात आणून बांधल्या. आता दारात लेंड्या. दुकानातून घरी येताना पाय बघून टाकावा लागतो.

झाडी तोडायला आज योग्य दिवस नव्हता. तिच्यात डुकरं आहेत.

९ नोव्हेंबर, रविवार

हरलो. आदिलाबादचा एक खेळाडू आहे, घोडेवाला. माझे तिरंदाज रांगेत उभे, एकदम शिस्तीत. हा सरळ समोरून आलाच नाही. झाडांच्या आडून बाजूने आला आणि एकदम रांगेत घुसला. तिरंदाजांना जवळचं मारता येत नाही. अंगाला चिकटलेल्या शत्रूवर बाण चालतच नाही, नुसते हात हलवतात बिचारे. सगळे कापले गेले.

शेवटी ते ‘कमजोरी’चं पान उघडलं. अंगावर चिलखत नाही. जवळच्या लढाईत निकामी. झाडीतून येणारा शत्रू दिसत नाही. हे सगळं बरोबर असलं तरी लिहिणाऱ्याची भाषा फार नकारात्मक आहे. मी तर म्हणेन, शत्रूला जवळ येऊच दिलं नाही तर यातली एकही कमजोरी उरत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

धावजी दुकानात आला होता. हा तांड्यावरचा, गावाची गुरं-बकऱ्या चारतो. त्याचा कुत्रा परवापासून नाही. तो म्हणतो, मोठं जनावर आलं आहे, डुकरांच्या मागे. जंगलात त्याला डुकरं मिळत नाहीत, सगळी इकडे येऊन बसली, तर ते उपाशी बसेल का?

मी त्याला समजावलं. नोव्हेंबर आहे, कुत्र्यांचे हेच दिवस, कुठेतरी लग्न करून बसला असेल. धावजी हसला नाही. रिचार्ज न करताच गेला.

पण हे अस्माच्या कानावर गेलंच. अस्मा सकाळीच बायकांसोबत आमच्या वावरात कापूस वेचायला जाते, अम्मीचे गुडघे गेलेले, त्यामुळे आमच्या पोरीला, जेबाला, शाळेत सोडायचं काम माझं आहे. म्हणजे होतं. जेबा दुसरीत आहे, हुशार आहे, नाल्याचा रपटा, म्हणजे तो ठेंगणा पूल, ओलांडला की शाळा समोर. मी तिला स्वावलंबन शिकवतो आहे. अस्माचं म्हणणं, स्वावलंबन पुढच्या वर्षी शिकव, आता हात धरून शाळेच्या फाटकापर्यंत जा. तिने मला कबूल करायला लावलं. मी म्हटलं, जेबा माझ्या नजरेखालून कधी जाणार नाही.

नजर म्हटलं. हात म्हटलं नाही. करार करताना शब्द जपून वापरावेत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सापडलं! टॉवर!

हात धरून गेलो तर फक्त जेबा सुरक्षित. टॉवरवरून बघितलं तर सगळा नाला सुरक्षित. घरामागे काठावर बांबूचं उंच मचाण बांधायचं. वरून पायवाट दिसते, रपटा दिसतो, शाळेचं फाटक दिसतं. हातात गोफण. गोफणीचा दगड रपट्यापलीकडे जातो (बहुतेक). मधला थोडा तुकडा बेशरममुळे दिसत नाही. झाडी तोडली की तोही दिसेल.

नागोरावकाकांनी बांबू दिले. बांधता बांधता म्हणाले, “भाऊ, टावर बांधाले दोन दिवस लागते. झाडी तोडाले एक दिवस पुरते.”

मोठ्या माणसाला उलट बोलू नये. मी बांबू धरून उभा राहिलो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

टॉवरच्या बुडाशी माती भरायची होती. घरातलं घमेलं फुटकं. रपट्याजवळच्या ओल्या मातीत एक चांगलं लोखंडी घमेलं कोणीतरी पालथं घालून विसरून गेलं होतं, वर दगड ठेवलेला. लोकांना वस्तूंची किंमत नाही. ते आणलं, दिवसभर माती वाहिली. आठ-दहा फेऱ्या तर त्याच जागेवरून झाल्या असतील. पाय दुखतात. शारीरिक कष्टाला मी घाबरतो असं अस्मा म्हणते, तिने आज बघायला हवं होतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

घोटाळा.

धावजीला परवा रपट्याजवळ पंजाचा ठसा दिसला होता. पुसला जाऊ नये म्हणून त्याने घमेलं पालथं घातलं आणि जंगलखात्याच्या गार्डसाहेबांना फोन केला. आपल्याकडे सगळे असंच करतात, मला माहीत आहे. पण त्या घमेल्यावर तसं लिहिलेलं नव्हतं.

गार्डसाहेब आज पांढरकवड्याहून आले. घमेलं नाही, ठसा नाही, माझ्या चपलांचे ठसे मात्र भरपूर. धावजीला सगळ्यांसमोर खोटं पडल्यासारखं झालं. तो मातीकडे बघत तिथेच उभा राहिला. मी बोलणार होतो. खरंच बोलणार होतो. पण नागोरावकाका बाजूलाच होते, आणि सेनापतीवरचा विश्वास उडाला तर फौज विखुरते. म्हणून गप्प राहिलो.

गार्डसाहेब जाताना सांगून गेले. झाडी तोडा. पोरांना एकटं सोडू नका, चार-पाच जणांनी मिळून न्या-आणा. जिथे डुकरं, तिथे तो. आणि ठसा मिळाला की कॅमेरा लावू.

घमेलं संध्याकाळी रपट्याजवळ नेऊन ठेवलं. पालथंच ठेवलं. मनाला बरं वाटलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

टॉवर सुरू. उद्घाटनाला अम्मीला बोलावलं, ती आली नाही, गुडघे. नेटवर्क वर फारच छान येतं. दुकानापेक्षा चांगलं. हा फायदा आधी लक्षात आला नव्हता.

पद्धत अशी: जेबा दप्तर घेऊन निघते. मी वरून हात हलवतो. ती हलवते. झाडीच्या मागे जाते, तेवढा भाग अंदाजाने धरायचा. मग रपट्यावर दिसते. मग शाळा. सगळं मिळून फार वेळ लागत नाही, तेवढ्यात गेममध्ये एक चौकी बांधून होते.

अस्माने विचारलं, जेबाला सोडलं का. म्हटलं, माझी नजर तिच्यावर होती. खरंच होती, बहुतेक वेळ.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दुसरा विजय! बेशरममधली डुकरं गेली. घुरघुर नाही, काही नाही. नाला एकदम शांत. मी वरून दगड मारून बघितले, काही हललं नाही. टॉवरचा धाक.

फक्त सकाळी पलीकडच्या झाडांवर वानरं बसली होती आणि खोकल्यासारखं ओरडत होती. सगळ्यांची तोंडं झाडीकडे. वानरांना खोकला होतो हे मला माहीत नव्हतं.

खाली उतरलो तर नाल्यात भात शिजल्याचा वास. साधा नाही, चिन्नोरचा, लग्नातल्यासारखा. घरी जाऊन अस्माला विचारलं, पुलाव केला का. चुलीवर ज्वारीची भाकर होती. तिला वाटलं मी टोमणा मारतो आहे, आणि मग बरंच काही ऐकून घ्यावं लागलं.

दुपारी धावजी भेटला (बोलतो माझ्याशी, पण वर बघत नाही). त्याला विचारलं, नाल्यात कोणी भात शिजवतं का. धावजीने हातातली चिलीम खाली ठेवली. “वास कुठं आला तुले? झाडीच्या कोन्या बाजूले?” मी दाखवलं. ऊन होतं, चाराही होता, तरी तो बकऱ्या वळवून घेऊन गेला.

लोक फार लवकर घाबरतात.

२२ नोव्हेंबर, शनिवार

धावजीने पुन्हा गार्डसाहेबांना आणलं. भाताचा तो वास मोठ्या जनावराच्या मुताचा असतो म्हणे. झाडीतल्या एका खोडावर ओरखडे सापडले म्हणे, माझ्या डोक्याच्याही वर. मी म्हटलं बैलाने अंग घासलं असेल. गार्डसाहेबांनी रपट्याच्या अलीकडे, पायवाटेवरच्या बाभळीला कॅमेरा बांधला. समोरून कोणीही गेलं की आपोआप फोटो निघतो.

चांगलं झालं. माझ्या कामाची नोंद राहील. खाली उतरलो की मी कॅमेऱ्यासमोर छाती काढून चालतो.

गार्डसाहेबांनी पुन्हा विचारलं, पोरगी कोणाबरोबर जाते. मी टॉवर दाखवला. ते वर चढले, झाडीकडे बघितलं, उतरले. म्हणाले, इथून तुम्हाला तो दिसणार नाही, पण त्याला तुम्ही दिसाल.

बरोबर आहे. त्यालाच तर धाक म्हणतात.

गावातल्या बाकीच्या पोरांना आता नागोरावकाका वरच्या रस्त्याने, लांबून, सगळ्यांना एकत्र घेऊन नेतात. जेबालाही न्यायला आले होते. मी पाठवलं नाही. टॉवर बांधणाऱ्याचीच पोरगी लांबून गेली तर लोक काय म्हणतील?

२४ नोव्हेंबर, सोमवार

जेबा आज हट्ट करून बसली. शाळेत जात नाही म्हणते. पोट दुखतं का विचारलं, नाही. बाई रागावल्या का, नाही. शेवटी हळूच म्हणाली, “वहाँ कोई बैठा रहता, अब्बा.”

कोण बसतं? माहीत नाही म्हणे. कुठे? झाडीत. काय करतं? काही नाही, बघत राहतं.

पाढे पाठ नसले की पोरांना असं सुचतं. मीही लहानपणी करायचो. चॉकलेट दिलं, म्हटलं अब्बा वर आहे ना. ती गेली. पायवाटेवर दोनदा थांबून टॉवरकडे बघितलं. दुसऱ्यांदा मी हात हलवला की नाही ते आठवत नाही, कारण त्याच वेळी आदिलाबादवाल्याचा मेसेज आला. गोल्ड लेव्हलसाठी शेवटची मॅच त्याच्याशीच. बुधवारी सकाळी.

अस्माला जेबाचं सांगितलं नाही. ती दिवसभर कापूस वेचून थकून येते.

संकल्प: मॅच झाली की झाडी तोडणे. त्याआधी नाही, हात थरथरले तर नेम जातो.

२६ नोव्हेंबर, बुधवार

जिंकलो. जिंकलो. जिंकलो!

सगळं नीट लिहून ठेवतो. जेबा निघाली तेव्हा मॅच नुकतीच लागली होती. आदिलाबादवाला परत झाडांच्या आडूनच आला. पण या वेळी मी झाडंच ठेवली नव्हती! सुरुवातीलाच मजुरांना लावून छावणीभोवतीचं सगळं जंगल साफ केलं. एक झुडूपसुद्धा शिल्लक नाही. घोडे उघड्यावर आले आणि माझ्या पोरांनी लांबूनच त्यांचा चुराडा केला. एक घोडा रांगेपर्यंत पोचला नाही. त्याने लिहिलं, ‘अच्छा खेला भाई’. मी उत्तर दिलं नाही, मोठेपणा राखला.

मान वर केली तेव्हा शाळेची प्रार्थना चालू होती. म्हणजे जेबा पोचली होती. वानरं ओरडून ओरडून थकली असावीत, गप्प होती.

तिरंदाजांच्या राज्यात कमजोरी नाही. चालवणाऱ्यात असते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

गार्डसाहेबांनी आज कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं. पंचायतीच्या ओट्यावर बसून फोटो आपल्या मोबाइलमध्ये घेतले. कार्ड लागत नव्हतं, ते मीच लावून दिलं. नागोरावकाका होते, धावजी होता, अस्मा वावरातून येताना थांबली होती. कापसाचं गाठोडं तिने खाली ठेवलं.

आधी धावजीच्या बकऱ्या. मग मी, छाती काढून. लोक हसले, मीही हसलो. मग परत मी. मग एक मोर.

मग जेबा. दप्तर पाठीवर, एक पाय उचललेला. ती लंगडी घालत जाते. झाडी, पायवाट, पायवाटेवरचा पांढरा दगड, दगडावर बाभळीची सावली.

पुढचा फोटो वाघाचा.

तीच पायवाट, तोच दगड. तो जेबाच्या दिशेनेच चालला होता, मान खाली, घाई नसल्यासारखा. फोटोखाली वेळ छापलेली असते. ती मी वाचली नाही. बाभळीची सावली दगडावर जिथे जेबाच्या फोटोत होती, तिथेच होती. सावली हलायलासुद्धा वेळ मिळाला नव्हता.

दोन्ही फोटोंत वरच्या कोपऱ्यात, झाडीच्या वर, टॉवर दिसतो. दोन्हींत मी आहे. दोन्हींत माझी मान खाली आहे.

गार्डसाहेबांनी पुढचा फोटो उघडला. रिकामी पायवाट. त्याच्या पुढचा, तीही रिकामी. त्या दिवशी तो मध्येच झाडीत वळला. का वळला ते कोणालाच माहीत नाही. गार्डसाहेब म्हणाले, मलाही माहीत नाही.

अस्माने मोबाइल मागितला. दोन्ही फोटो पुढेमागे करून बघितले. तारीख बघितली. मोबाइल गार्डसाहेबांना परत दिला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “उस दिन मॅच जीते थे न तुम?”

मी हो म्हणालो. खरं तेच होतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

अस्मा जेबाला घेऊन घाटंजीला माहेरी निघाली. सकाळची एसटी. परत कधी ते विचारलं नाही.

नागोरावकाका आणि धावजी आधीच कुऱ्हाडी घेऊन नाल्यात उतरले होते, फटाके वाजवत, दहा-पंधरा माणसं सोबत. मला कोणी बोलावलं नाही. मी कुऱ्हाड घेऊन मागच्या दारापर्यंत गेलो होतो. पाटा बाजूला केला. दार उघडलं नाही.

एसटी स्टॉपवर सोडायला गेलो. अम्मीही आली, गुडघे धरत. वाटेत म्हटलं, मी दप्तर घेतो. अस्माने ते आपल्याच खांद्यावर ठेवलं. पुढे रस्ता ओलांडायचा होता, पांढरकवड्याकडून ट्रक येत होते. मी जेबाचा हात धरायला हात पुढे केला. ती माझ्या मागून दुसऱ्या बाजूला गेली आणि तिने अम्मीचा हात धरला.